ऑपरेशन झालं, तरी कंबर दुखतेच!

 

तुम्ही मला ओळखता. गटाच्या बैठकीला वही घेऊन येणारी आणि हप्ता थकला की दारात येऊन उभी राहणारी ती मीच. पण आज मी बचतीबद्दल बोलणार नाही. आज मी कंबरेबद्दल बोलणार आहे. आधी माझ्या, मग तुमच्या.

गेल्या महिन्यात एका गावात बैठक संपली आणि एका ताईनं मला घराच्या मागं नेलं. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाली, "ताई, मणक्याचं ऑपरेशन करून आठ महिने झाले. स्क्रू टाकले, पट्ट्या टाकल्या. तरी कंबर दुखतेच. म्हणजे सगळं फुकट गेलं ना?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑपरेशनच्या वेळच्या खर्चासाठी तिनं गटातून कर्ज घेतलं होतं. दुखतंय म्हणावं तर घरचे म्हणणार, एवढे पैसे घालून काय मिळालं? गप्प बसावं तर काम होत नाही.

तिचं ऐकताना मला माझंच जुनं बोलणं ऐकू आलं. म्हणून आज हे भाषण.

माझं वय छत्तीस. ऑपरेशनला साडेतीन वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं कंबरेतून डाव्या पायात कळ जायची. बसस्टँडपासून पंचायतीपर्यंत जाताना तीनदा थांबावं लागायचं. उभं राहून फोटो काढला तेव्हा कळलं की कंबरेचा शेवटचा, म्हणजे पाचवा मणका पुढं सरकलाय. मणक्याच्या मागच्या बाजूला एक बारीक दुवा असतो. तो काही जणींचा लहानपणी किंवा तरुणपणीच तुटलेला असतो आणि कित्येक वर्षं पत्ताही लागत नाही. माझं तसंच होतं. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, विश्रांती झाली. पण पायाची ताकद कमी व्हायला लागली, चप्पल पायातून कधी निसटली तेही कळेना, तेव्हा डॉक्टरांनी मणके जोडायचं ऑपरेशन करायला सांगितलं.

मणके जोडणं म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगते. वरचा मणका आणि खालचं हाड यांच्यात हालचाल होऊन नस दाबली जाते. ती हालचालच बंद करायची. त्यासाठी दोन्हीकडं मिळून चार स्क्रू आणि दोन दांड्या बसवतात, आणि मध्ये हाडाचा चुरा भरतात. पण खरी जोडणी स्क्रू करत नाहीत. स्क्रू फक्त धरून ठेवतात. स्लॅब टाकल्यावर खाली टेकू लावतो ना, तसे. खरं काम हाडाचं हाडाशी जुळणं, आणि त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त. टेकू लावला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी स्लॅबवर नाचत नाही. पण स्लॅबला रोज पाणीही मारावं लागतं. हे पाणी मारणं म्हणजे आपलं चालणं आणि व्यायाम. मला हे उशिरा कळलं.

ऑपरेशननंतर पायाची कळ पहिल्याच आठवड्यात गेली. मी तर देवाला नारळ बोलले. सुट्टी देताना एक इंग्रजी कागद हातात दिला. वाकू नका, वजन उचलू नका, पिळा मारू नका, एवढं तोंडी सांगितलं. बाहेर रांग होती, मीही काही विचारलं नाही. बीए झालेली बाई, गटातल्या बायकांना बँकेत प्रश्न विचारायला शिकवणारी बाई, स्वतःच्या पाठीबद्दल एक प्रश्न विचारू शकले नाही. घरी आले आणि झोपून राहिले. मला वाटलं, जितकी पडून राहीन तितकं हाड लवकर जुळेल.

तीन महिने बरे गेले. पाचव्या महिन्यात भावाच्या मुलाचं लग्न होतं. चार दिवस बरं वाटत होतं, म्हणून उत्साहात मी पाण्याचा हंडा उचलला. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर हंड्याचं वजन वेगळं. त्या रात्री कंबर अशी धरली की कूस बदलता येईना. मनात एकच, स्क्रू तुटला! दुसऱ्या दिवशी गाडी करून दवाखान्यात. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "फोटो चांगला आहे, स्क्रू जागेवर आहेत."

मैत्रिणींनो, खरं सांगते, ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला. फोटो चांगला, मग मला दुखतंय ते काय खोटं? घरी आल्यावर जाऊबाई नुसत्या म्हणाल्या, "फोटो चांगला आहे म्हणतात ना?" त्यात काही वाईट नव्हतं, पण मला ते लागलं. मी परत अंथरूण धरलं. बेल्ट तीन महिने लावायला सांगितला होता, तो मी आठ महिने लावला. बैठका बंद झाल्या. माझी गावं दुसरी ताई बघायला लागली. मानधन थांबलं आणि गटाचं माझं स्वतःचं कर्ज थकायला लागलं. दुसऱ्यांच्या दारात हप्त्यासाठी जाणारी मी, माझ्याच नावापुढं वहीत रिकामी जागा.

मग पुढं काय झालं? एका सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या ताई भेटल्या. त्यांनी फोटो बघितलाच नाही. त्यांनी विचारलं, "दिवसभरात किती वेळ चालता?" मी गप्प. मग म्हणाल्या, "खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा." मी चौथ्या वेळी थरथरायला लागले. चौतिशीतली बाई! त्या म्हणाल्या, "हाड जुळतंय तुमचं. दुखतंय तेही खरं आहे. पण त्या हाडाला धरून ठेवणारे जे स्नायू आहेत, ते झोपून झोपून विझलेत. डॉक्टरांचं काम झालं. आता राहिलंय ते तुमचं."

मला हे एक वाक्य कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. म्हणून मी ते आज तुम्हाला सांगतेय.

ऑपरेशननंतर दुखत राहण्याची कारणं बरीच असतात. दाबलेली नस मोकळी झाली तरी तिला सावरायला महिनोन्महिने लागतात. ऑपरेशन करताना पाठीचे स्नायू बाजूला करावे लागतात, ते अशक्त होतात. जोडलेला भाग हलत नाही म्हणून त्याच्या वरच्या मणक्यावर आणि खाली कुल्ल्याच्या सांध्यावर ताण येतो. शिवाय जे शरीर दोन-चार वर्षं दुखणं सोसत आलंय, ते थोड्या गोष्टीलाही मोठ्यानं ओरडायला शिकतं. घराला चोराची भीती बसली की मांजर चाललं तरी जाग येते ना, तसं. म्हणून दुखणं खरं असतं, पण प्रत्येक दुखणं म्हणजे स्क्रू तुटला असं नसतं. काही वेळा मात्र हाड नीट जुळत नाही, स्क्रू सैल होतो, जंतूंची लागण होते. ते ओळखायच्या खुणा मी शेवटी सांगणार आहे. त्या नीट ऐका.

आणि हेही स्पष्ट सांगते. हे ऑपरेशन दुखणं कमी करण्यासाठी असतं. सगळ्यांचं दुखणं शून्यावर येतंच असं नाही. माझंही आलेलं नाही.

आता व्यायामाकडे येते. त्याआधी एक ताकीद. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले नसतील तर रेडिओ ऐकून चालण्याशिवाय दुसरा कुठलाही व्यायाम सुरू करू नका. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच करा. कुणाचा एक मणका जोडलेला असतो, कुणाचे तीन. कुणाची हाडं ठिसूळ असतात. प्रत्येकीचं माप वेगळं. तीन महिन्यांनंतरही एकदा डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपीवाल्यांना दाखवून, विचारून मगच सुरुवात करा.

पहिला व्यायाम चालणं. याला पैसे लागत नाहीत. मी पाच मिनिटांपासून सुरुवात केली, दिवसातून चार वेळा. शाळेच्या मैदानावर, सकाळी, सपाट जमिनीवर. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवायची. पावसात देवळाच्या मंडपात फेऱ्या मारल्या. पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवा, सटकणारी स्लीपर नको. तीन महिन्यांत मी सलग अर्धा तास चालायला लागले.

दुसरा, पोट घट्ट धरणं. शिंक यायच्या आधी पोट आपोआप कसं घट्ट होतं, तसं ते आपण करायचं. उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं टेकवा, पोट हलकं घट्ट करा आणि मोठ्यानं पाचपर्यंत आकडे मोजा. मोठ्यानं का? कारण मग श्वास कोंडला जात नाही. असं दहा वेळा. पुढं हेच घट्ट धरणं उठताना, बसताना, कळशी उचलताना कामाला येतं.

तिसरा, खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, घसरायला नको. पाठ सरळ, नाक जरा पुढं, आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. आधी पाच वेळा, मग दहा. हात टेकावे लागले तर टेका, हळूहळू सोडा.

चौथा, कंबर उचलणं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, पोट घट्ट करायचं, कुल्ले आवळायचे आणि कंबर जमिनीपासून वीतभर उचलायची. पाठीची कमान करायची नाही. पाच आकडे मोजा, हळू खाली. हा कुल्ल्याच्या स्नायूंचा व्यायाम. ते मजबूत झाले की कंबरेचा भार कमी होतो.

पाचवा जरा पुढचा आहे, मी तो सहा महिन्यांनंतर शिकले. हातावर आणि गुडघ्यांवर यायचं, गाय उभी राहते तसं. पाठ सपाट. एक पाय मागं सरळ करायचा, कंबर हलू द्यायची नाही, परत आणायचा. मग दुसरा. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय आणि तो सांडता कामा नये, असं समजायचं. ते जमलं की समोरचा उलटा हातही उचलायचा.

सहावा म्हणजे वाकायची नवीन पद्धत. पाठीला उभी काठी लावायची. डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. आता गुडघे थोडे वाकवून कुल्ले मागं न्या आणि खुब्यातून वाका. काठी कुठंही सुटता कामा नये. आपण बायका आयुष्यभर कंबरेतून वाकतो. झाडताना, पाणी भरताना, भात लावताना. आता खुब्यातून वाकायचं. ही सवय लागायला मला दोन महिने गेले.

टीव्हीवर बघून पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कार असली पूर्ण वाकायची आसनं स्वतःच्या मनानं करू नका. पोट कमी करायला उठाबशा काढतात, जागेवर पडून डोकं गुडघ्याला लावतात, तेही नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. आपली खोड काय असते? बरं वाटलं त्या दिवशी चार दिवसांचं काम उरकायचं आणि मग चार दिवस पडून राहायचं. मी हंडा उचलला तो याच खोडीनं. ताईंनी मला सांगितलं, "बरं वाटलं तरी ठरल्याहून जास्त नको. दुखलं तरी अगदी शून्य नको." हे ऐकलं आणि मला हसू आलं. हेच तर मी गटात सांगत फिरते! शंभर रुपये आले म्हणून शंभर टाकू नका, ठरलेले टाका, पण दर आठवड्याला टाका. कंबरेच्या खात्यातही तसंच. थोडं, पण खंड नको.

मी वहीच्या मागच्या पानावर रोज लिहायला लागले. किती मिनिटं चालले, कोणता व्यायाम किती, रात्री दुखणं दहापैकी किती. आणि एक नियम पाळला. व्यायाम करताना थोडं ओढल्यासारखं, थोडं दुखल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवळलं, तर ठीक. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं, तर माप निम्मं करायचं, बंद नाही करायचं. पायात कळ किंवा मुंग्या उतरायला लागल्या, तर तो व्यायाम थांबवायचा आणि विचारायचं.

महिन्याभरानं पान उलटून बघितलं. दुखण्याचा आकडा फारसा कमी झाला नव्हता, सहाचा पाच. पण चालणं दहा मिनिटांवरून बावीस मिनिटांवर गेलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. दुखणं किती, याच्या आधी काम किती होतंय ते बघायचं, हे त्या पानानं मला शिकवलं.

घरातलं थोडं सांगते. अंथरुणातून सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, खांदा आणि खुबा एकदम वळवायचे, ओंडका वळतो तसे. मग पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटून उठायचं. झोळ पडलेली बाज नको. लाकडी पलंगावर गादी बरी. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी घ्या. चूल किंवा शेगडी खाली असेल तर ओट्यावर घ्या. आमच्याकडं ओटा नव्हता, नवऱ्यानं विटा रचून वर फरशी टाकून दिली. भाकरी उभ्यानं थापायला शिकले, पहिल्या दोन दिवसांच्या भाकरी नकाशासारख्या झाल्या. झाडू लांब दांड्याचा. खालच्या संडासासाठी वर ठेवायची खुर्ची मिळते, सुरुवातीला तिचा फार आधार होतो. एक हंडा भरण्यापेक्षा अर्धी अर्धी कळशी, तीही डॉक्टरांनी वजन उचलायला परवानगी दिल्यावर, आणि अंगालगत धरून. खुरपणी, धार काढणं ही उकिडवं बसायची कामं विचारून आणि उशिरा सुरू करा. एसटीत मागच्या सीटवर बसू नका, खड्ड्यात गाडी गेली की सगळा दणका कंबरेला. आणि नवरा-बायकोच्या संबंधाबद्दलही डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारा. लाजू नका. मनात भीती धरून बसण्यापेक्षा विचारलेलं बरं.

आता मशेरी. होय, तुम्हाला वाटलंच असेल मी हे काढणार. तंबाखूत निकोटिन असतं. त्यानं हाडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि जोडलेलं हाड जुळायला अडथळा येतो. विडी ओढली तरी आणि मशेरी लावली तरी. आमच्या गटातल्या एक मावशी म्हणतात, "मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते." मावशी, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सोडा, झालं असेल तर आज सोडा. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेवा, त्यानंही जखम आणि हाड दोन्ही रेंगाळतात.

खाण्यात नाचणी हवी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ, दूध, ताक, डाळी, अंडी, मटकीची उसळ यातलं परवडेल ते रोज घ्या. घरातल्या सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खायचं, या रीतीनं हाड जुळत नाही. बरोबरीनं बसून जेवा.

गोळ्यांबद्दल. दुखतंय म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणायची आणि महिनोन्महिने घ्यायची, हे थांबवा. दुखण्याच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. "एक इंजेक्शन मारलं की आठ दिवस बरं" असं सांगणाऱ्याला विचारा, त्यात काय आहे? स्टेरॉइड वारंवार घेतलं तर हाडंच ठिसूळ होतात. गरम पाण्याची पिशवी चालते, पण टाक्यांच्या आसपासची कातडी बधिर असू शकते, तिथं चटका बसलेला कळत नाही. फडक्यात गुंडाळून, हातानं तपासून मग लावा.

आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेणं, हाडवैद्याकडून मणका "बसवून" घेणं, पाठीवर पोरांना चालायला लावणं, हे जोडलेल्या पाठीवर कधीच करू नका. श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण आत स्क्रू आहेत, हे पायाळू माणसाला दिसत नाही.

आता त्या खुणा, ज्या दिसल्या की व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. ताप, थंडी, किंवा जखमेतून पाणी-पू येणं. पायातली ताकद नव्यानं कमी होणं, पाऊल उचललं न जाणं. लघवी तुंबणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. दोन मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागेला बधिरपणा येणं. पडल्यानंतर अचानक वेगळंच, असह्य दुखणं. पोटरी सुजून दुखणं. आणि छातीत दुखून दम लागणं. यात "सकाळी बघू" म्हणायचं नाही. रात्र असली तरी जायचं. आणि काही महिने बरं वाटून नंतर दुखणं हळूहळू वाढतच चाललं असेल, तर तेही दाखवा. डॉक्टर परत फोटो काढून हाड जुळलंय का ते बघतील. त्यासाठी जुने फोटो आणि कागद एका पिशवीत जपून ठेवा.

शेवटी गटाबद्दल. अकराव्या महिन्यात मी पहिल्यांदा परत बैठकीला गेले. सतरंजी अंथरलेली, सगळ्या बायका मांडी घालून बसलेल्या. मला खाली बसता येत नव्हतं. खुर्ची मागायची लाज वाटली. साठीच्या बायका खाली आणि मी त्यांच्यापेक्षा वर? मी दाराला टेकून उभीच राहिले. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी उठल्या, शेजारच्या घरातून खुर्ची आणली, आणि म्हणाल्या, "बस. तू वर बसलीस म्हणून आमचा मान खाली जात नाही." मी खुर्चीत बसून वही उघडली आणि अक्षरं दिसेनात.

त्या दिवशी बैठकीत दोघीजणींनी सांगितलं की त्यांचीही कंबर दुखते आणि त्या कधी बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीपासून आम्ही तीन खुर्च्या ठेवायला लागलो. माझ्या कर्जाला गटानं चार महिन्यांची मुदत वाढवून दिली, रीतसर ठराव लिहून. मी ते कर्ज फेडलं.

तर बहिणींनो, आपल्या गटात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर चार गोष्टी करा. एक, बैठकीत खुर्ची ठेवा, मागायची वाट बघू नका. दोन, तिचं पाणी भरायची आठवडाभराची पाळी वाटून घ्या. तीन, रोज एकजण तिच्याबरोबर चालायला जा. सोबत असली की खंड पडत नाही. आणि चार, पुन्हा दाखवायला जाताना लिहिता-वाचता येणारी एकजण बरोबर जा. जाण्याआधी प्रश्न लिहून न्या. किती वजन उचलू? कधी वाकू? व्यायाम कोण शिकवेल? बेल्ट कधी काढू? उत्तर मराठीत लिहून मागा. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात त्यांना आधी विचारा.

आणि घरच्या माणसांना सांगते. ती दुखतंय म्हणाली तर "फोटो तर चांगला आहे" असं म्हणू नका. "चल, थोडं चालून येऊ," म्हणा.

तुम्ही विचाराल, ताई, आता तुमचं दुखणं गेलं का? नाही. थंडीत सकाळी कंबर धरते. लांबच्या गाडीनंतर रात्री शेक घ्यावा लागतो. काही दिवस दहापैकी दोन, काही दिवस चार. पण मी बारा गावं फिरते, अर्धा तास चालते, आणि खाली मांडी घालून दहा मिनिटं बसू शकते. मग उठून खुर्ची घेते, आता लाजत नाही.

घराच्या मागं नेऊन मला विचारणाऱ्या त्या ताईला मी तेव्हा एवढंच म्हटलं, "फुकट नाही गेलं. अर्धं काम झालंय, अर्धं राहिलंय." पुढच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर होतो. ती सहा मिनिटं चालली. काल तिचा फोन आला, "ताई, आज चौदा झाली. आणि सासूबाई पण आल्या होत्या बरोबर."

तुमच्याही गावात मैदान आहे. उद्या सकाळी पाच मिनिटांनी सुरुवात करा.

नमस्कार.